पोहोचल्याची रिंग

१

लिफाफा फोडला तेव्हा लाखेचं सील शाबूत होतं. एवढं सगळ्यांनी पाहिलं.

आत एक कागद होता आणि कागदावर एक आकडा. मोबाइलवरचं आपलं बोलणं हवेतल्या ज्या लहरींवरून जातं, त्या लहरी सरकार लिलावात विकतं. ‘याच्या खाली देणार नाही’ असा एक आकडा आधीच ठरवून बंद करून ठेवतं. बोली लागेपर्यंत तो कुणाला कळायचा नसतो. त्या दिवशी एका कंपनीची बोली त्या आकड्याच्या इतकी जवळ आली, की मधून नखही गेलं नसतं.

सभागृहात मागे कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही.

लिलावाच्या समितीत तिघं होते, पण शेवटचा आकडा अध्यक्षांनी एकट्यानं काढायचा, लिहायचा आणि बंद करायचा अशी रीत होती. म्हणजे तो जगात एकाच माणसाला माहीत होता. तो माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. माझे दाजी.

दाजी अर्थशास्त्राचे प्राध्यापक. टेलिफोन, रेडिओ, टीव्ही यांचा धंदा कुठल्या नियमानं चालावा आणि तो चालताना साध्या माणसाच्या हातात काय पडावं, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. लग्नाच्या वेळी शेजारच्यांनी विचारलं, जावईबापू काय करतात? आमचे वडील म्हणाले, टेलिफोनचं काहीतरी. पुढे कितीतरी दिवस गल्लीतले लोक बिघडलेले फोन घेऊन त्यांच्याकडे येत, आणि दाजीही कुणाला नाही न म्हणता स्क्रू काढत बसत. पुढे सरकारनं त्यांना समित्यांवर बोलावलं. नियमांच्या पुस्तकात त्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरली.

लिलावाच्या काळात समितीला एका विश्रामगृहात बाहेरच्या जगापासून तोडून ठेवतात. मोबाइल घरी ठेवून यायचा. फाटकाजवळच्या टेबलावर एकच फोन, तोही अडीअडचणीपुरता. चौकशी सुरू झाली तेव्हा निघालं, की त्या फोनवरून दाजींनी पुन्हा पुन्हा एकाच नंबरावर फोन लावला होता. दर वेळी एक रिंग, आणि ठेवून दिला. पलीकडे कुणी उचलला नाही. कुणी एक शब्द बोललं नाही.

तो नंबर होता जिंकलेल्या कंपनीची बोली तयार करणाऱ्या अधिकाऱ्याचा. आणि तो अधिकारी दाजींचा जुना विद्यार्थी. उंचीमुळे त्याला सगळे लांबू म्हणत.

दाजींना निलंबित केलं. खुलासा मागितला. त्यांनी कोऱ्या कागदावर एकच ओळ लिहून दिली : मला काही म्हणायचं नाही.

२

मी पोलिसात तपासाचं काम करून निवृत्त झालो. दाजी मला लग्नापासून फौजदार म्हणतात. मी फौजदार नव्हतो तेव्हापासून.

ताईनं दार उघडलं. रडलेली नव्हती. हातात दाजींचा मोबाइल होता.

“बरं झालं आलास. हा जरा बघ रे. बिघडलाय.”

“काय झालं त्याला?”

“वाजत नाही.”

मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. खणखणीत वाजला.

“वाजतोय की.”

“तुझा वाजला. संध्याकाळचा वाजत नाही.” ती तो परत घेऊन खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायला गेली. टेबलावर चिमणीचा फोटो होता. चिमणी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. बाहेर तिला तिच्या नावानं ओळखत, घरात आणि बालपणीच्या मैत्रिणींत ती चिमणीच. काही वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर तिची गाडी घसरली. गाडी सापडायला उशीर झाला, आणि ती तोवर थांबली नाही.

ताईनं फोनचा आवाज आणखी वाढवला. तो आधीच टोकाला होता.

दाजी आतल्या खोलीत बसले होते. पुस्तकांच्या कपाटाकडे पाठ करून.

“बसा फौजदार. वर्दी नसली तर बसता येतं.”

“दाजी, चेष्टा नको. तुम्ही त्या पोराला फोन का लावत होता?”

“लावला म्हणून तर सापडलो.”

“उद्या तुम्हाला चोर म्हणतील. तुमचे सगळे अहवाल मागे घेतील. वर्गात तुमचं नाव घेणार नाहीत.”

“घेऊ नयेत.”

तेवढ्यात ताई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, “सगळं त्या निबंधामुळे झालं. चिमणी वसतिगृहात होती तेव्हा फोन महाग. पोहोचली की एक रिंग द्यायची आणि ठेवायची. पोहोचले. की हे इकडून एक रिंग द्यायचे. बरं. त्यावर बसून यांनी भलामोठा निबंध लिहिला. ‘न उचललेल्या फोनचं अर्थशास्त्र’. आता लोक म्हणतात, यांनीच ती युक्ती वापरली.”

दाजी तिच्याकडे पाहत राहिले. ती बाहेर गेल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“हे प्रकरण सोड. मी दोषी ठरलो तरी चालेल. पण तू सोड.”

मी कितीतरी आरोपी पाहिले. सुटायची धडपड करणारे पाहिले. बुडायची परवानगी मागणारा हा पहिलाच.

३

दाजींवर बोट ठेवलं ते त्यांच्याच विभागातल्या प्राध्यापकबाईंनी. त्याही समितीत होत्या. विद्यार्थी त्यांना कात्री म्हणत, कारण त्यांच्या हातात गेलेला प्रबंध अर्धा होऊनच परत यायचा. दाजी गेले तर त्यांची खुर्ची यांनाच मिळणार, हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय बंद लिफाफा लिलावापर्यंत यांच्याच कपाटात होता. मी त्यांच्यापासूनच सुरुवात केली.

“या, इन्स्पेक्टरसाहेब. संशय माझ्यावर ना?”

“मॅडम, संशय घ्यायला मला आता पगार मिळत नाही.”

त्या हसल्या नाहीत. “सील तुम्ही बघा. मोडलेलं नाही. लाख वितळवून पुन्हा लावली तर वरची नक्षी पुसट होते. इथे कडा न् कडा आहे.”

मी सील आधीच पाहिलं होतं. त्या खरं बोलत होत्या.

“मग सरांनी आकडा बाहेर दिला असं तुम्ही ठामपणे म्हणता?”

“मला म्हणावं लागलं.” त्या खिडकीबाहेर बघत बोलल्या. “त्यांचा निबंध मी वर्गात शिकवते. फोन न उचलताही निरोप जातो, आणि कंपनीच्या हिशेबात येत नाही. किती वेळा फोन लावला, मध्ये किती वेळ सोडला, यातून आकडा पाठवता येतो. हे त्यांनीच आम्हाला शिकवलं. आणि तो मुलगाही उलट रिंग देत होता. सरांच्या घरी ठेवलेल्या मोबाइलवर. कितीतरी दिवसांपासून. सांगा, मी काय समजू?”

“उलट रिंग?”

“हो. घरच्यांनी नाही सांगितलं?”

घरच्यांनी सांगितलं नव्हतं. घरच्यांनी एवढंच सांगितलं होतं, की फोन संध्याकाळचा वाजत नाही.

मी उठलो. दारात असताना त्या मागून म्हणाल्या, “माझा पहिला निबंध कुणी छापत नव्हतं. सरांनी चौदा ठिकाणी—” मग थांबल्या. “जाऊ द्या. त्यांना सांगा, काहीतरी बोला. खोटं असलं तरी बोला. मला ती खुर्ची अशी नको.”

म्हणजे ज्या बाईवर माझी भिस्त होती, ती निर्दोष निघाली. आणि दाजींच्या गळ्यातला फास आणखी आवळला.

४

समितीतले तिसरे एक इंजिनिअर. गोल, गप्पिष्ट. विश्रामगृहात दाजींच्या शेजारच्या खोलीत होते.

“अहो, मी काय सांगणार? मी घोरतो असं सगळे सांगतात, तेव्हा मला काही ऐकूच येत नाही.”

“प्राध्यापक फोन कधी लावायचे?”

“आल्यावर.”

“कुठून आल्यावर?”

“कुठूनही. एकदा नुसतं फिरवून आणलं, तेव्हासुद्धा. सभागृहातून गाडी आली, आम्ही उतरलो, की मी आधी बाथरूम गाठायचो आणि ते फोन. पिशवी खांद्यावरच. पाणीसुद्धा नंतर. एक दिवस गाडी बंद पडली, आम्हाला उशीर झाला. तर ते असे कासावीस, असे कासावीस, की मी म्हटलं, वहिनी रागावतात वाटतं! तर म्हणाले, नाही, कुणीतरी वाट बघत असेल.”

“आणि बाहेर जाताना? मध्येच? विश्रामगृहातल्या बैठकीनंतर?”

“छे. फक्त पोहोचल्यावर. एकदा.”

रस्त्यावर आलो आणि उभाच राहिलो. लिफाफा बंद होईपर्यंत आकडा रोज बदलतो. विश्रामगृहातल्या बैठकीत बदलतो. निरोप पाठवणारा माणूस बैठक संपली की धावेल. हा माणूस गाडीतून उतरला की धावत होता. ज्या दिवशी नुसतं फिरायला नेलं होतं, त्या दिवशीसुद्धा. आणि दर वेळी तीच, एकच रिंग. ज्या भाषेत एकच अक्षर आहे, त्या भाषेत एकच गोष्ट सांगता येते.

मग प्रश्न उरला एवढाच, की ती गोष्ट लांबूला कशाला सांगायची?

५

लांबूला कंपनीनं घरी बसवलं होतं. भाड्याची खोली, ठेंगणं छत. तो पंखा चुकवून तिरका उभा होता. सवयीनं.

“काका, बसा. खुर्ची एकच आहे, ती तुमची.”

मी सरळ विचारलं. “किंमत तुला कुणी सांगितली?”

“सरांनीच.”

“कधी?”

“वर्गात. सगळ्यांसमोर.” तो पलंगाच्या कडेवर बसला. “काका, मी पहिल्याच दिवशी चौकशीत हे सांगितलं. कुणी ऐकलं नाही. सर किंमत कशी काढतात ते मला तोंडपाठ आहे. आधी वस्ती बघतात, मग उत्पन्न, मग जुन्या लिलावांचे भाव. हे सगळे करतात. पण शेवटी सर एक गोष्ट वजा करतात, जी दुसरं कुणी करत नाही. रिकामे रस्ते.”

“रिकामे?”

“जिथं माणसं राहत नाहीत, फक्त जातात. डोंगरातून, माळावरून. तिथं टॉवर उभारायला कंपनी कधी तयार नसते, कारण गिऱ्हाईक नाही. सर म्हणायचे, तिथं टॉवर लावण्याची अट घाला आणि तेवढी किंमत कमी करा. आधी नव्हते करत. माझ्या शेवटच्या वर्षी सुरू केलं. मध्यंतरी ते काही दिवस रजेवर होते, परत आले आणि फळ्यावर एक लांब रेघ काढली. म्हणाले, हा रस्ता. याच्यावर कुणी राहत नाही, म्हणून याची किंमत शून्य धरतात. आणि मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. आम्हाला वाटलं, विसरले.”

ती रजा कशासाठी होती, हे त्याला माहीत नव्हतं. दाजी विभागात कुणाजवळ घरचं बोलत नसत.

“आमच्या सगळ्या रिकाम्या रस्त्यांची लांबी मी मोजली, सरांसारखी वजाबाकी केली, आकडा आला. तोच मी कंपनीला दिला. ती बोली सरांकडून नाही आली काका, सरांच्या डोक्यातून आली.”

“आणि रिंगा?”

तो लाजला. एवढा दांडगा माणूस कानापर्यंत लाल झाला.

“सर कुठं गेले की पोहोचल्यावर मला एक रिंग द्यायचे. लिलावाच्या खूप आधीपासून. पहिल्यांदा पडद्यावर सरांचं नाव आलं तेव्हा मी फोन करणारच होतो. मग निबंध आठवला. एक रिंग म्हणजे पोहोचलो. मी उलटी एक दिली. बरं.” तो थांबला. “काका, मला वडील नाहीत. मी कुठं पोहोचलो हे कुणी विचारत नाही, आणि कुणी पोहोचलं हे मला कुणी सांगत नाही. मी विचारलंच नाही, का देता म्हणून. विचारलं असतं तर ते थांबले असते.”

“विश्रामगृहातून आली तेव्हा? तो नंबर तर अनोळखी.”

“एक वाजून थांबणारं माझ्या आयुष्यात दुसरं कोण आहे? पण उलटी रिंग मी त्यांच्या मोबाइलवरच दिली. तो घरी आहे हे मला कुठं माहीत!”

मी ते मनात ठेवलं. उठता उठता सहज विचारलं, “हा नंबर तुझा कधीपासूनचा?”

“नोकरी लागल्यापासून. कंपनीचाच आहे. बंद पडून परत आलेले नंबर नव्या गिऱ्हाइकाला दिले की त्यांना आधीच्या माणसाचे फोन येतात, मग तक्रारी. म्हणून आमच्याकडे ते आधी नव्या नोकरांच्या गळ्यात मारतात. मलाही सुरुवातीला यायचे. एक मुलगी तर परदेशातून करायची. मी सांगायचो, ताई, राँग नंबर. तिला पटायचंच नाही.”

“काय म्हणायची?”

“म्हणायची, मस्करी पुरे, चिमणीला दे.”

मी पुन्हा खुर्चीवर बसलो.

६

दाजी बागेच्या बाकावर होते. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांनीच सुरुवात केली.

“कळलं वाटतं.”

“नंबर चिमणीचा होता.”

“हं.”

“ताईला वाटतं, तुम्ही तो चालू ठेवलाय.”

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “बंद पडलेला नंबर ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्याला द्यावा, हा नियम कुणी लिहिला माहीत आहे? मी. नंबर पुरत नव्हते. तेव्हा चिमणी होती. रात्रीच्या जेवणाला मी तिला समजावून सांगितला होता. ती म्हणाली, बाबा, म्हणजे मी मेले की माझा नंबर कुणीतरी वापरणार? मी म्हटलं, हो, का नाही? आम्ही हसलो.”

पुढे एक माळी झाडांना पाणी घालत होता. दाजी पाण्याकडे पाहत बोलत होते.

“ती गेल्यावर कंपनीचा वरचा माणूस स्वतः भेटायला आला. म्हणाला, सर, तुमच्या मुलीचा नंबर आम्ही कायमचा बाजूला ठेवतो. कुणाला देणार नाही. मी म्हणालो, नको. नियम मी लिहिलाय. मीच सूट घेतली तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं नाही म्हणू? आणि घरी येऊन तुझ्या बहिणीला सांगितलं, चालू ठेवलाय.”

“आणि मग रिंग दिलीत.”

“परगावी गेलो होतो. खोलीत बॅग ठेवली, आणि हात आपोआप गेला. एक रिंग, आणि भानावर येऊन बंद केला. तेवढ्यात फोन वाजला. एकदा. पडद्यावर नाव, चिमणी.”

“तुम्हाला माहीत होतं, ते कुणीतरी परकं आहे.”

“मला नाही तर कुणाला माहीत असणार? पण फौजदार, त्यानं बरोबर एकच रिंग दिली.” त्यांनी मांडीवरचा चष्मा उचलून पुन्हा लावला. “घरी आलो आणि पुन्हा दिली. उलटी रिंग वाजली आणि तुझी बहीण पोळपाट तसाच टाकून बाहेर आली. पडद्यावरचं नाव तिनं वाचलं. काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून आत गेली, आणि कितीतरी महिन्यांनी मला भांड्यांचा आवाज नीट ऐकू आला. तेव्हापासून संध्याकाळी घरी आलो, की एक रिंग. आणि एक रिंग परत. तो लांबू आहे हे मला चौकशीतच कळलं.”

“म्हणून गप्प बसलात.”

“बोललो तर तिला दोन गोष्टी कळतील. ती रिंग कुणाची होती ही एक. ती सोसेल. पण मी नंबर वाचवू शकत होतो आणि वाचवला नाही, ही दुसरी.”

मी विचारलं, “आणि रिकामे रस्ते?”

ते बोलेपर्यंत माळ्याची नळी दुसऱ्या वाफ्यावर गेली होती.

“तिचा मोबाइल पोलिसांनी परत दिला. शेवटचा लावलेला नंबर माझा होता. लागला नव्हता. तिथं लहरीच नव्हत्या.”

७

सुनावणीला सभागृह भरलं होतं. ताई शेवटच्या ओळीत, पदर घट्ट धरून. मी तिला येऊ नको म्हटलं होतं. ती म्हणाली, “माझ्या नवऱ्याला चोर म्हणणार, आणि मी घरी भाजी निवडू?”

अध्यक्षस्थानी निवृत्त न्यायाधीशबाई होत्या. मी परवानगी मागितली आणि लांबूला फळ्याजवळ उभं केलं.

“बाई, याचं म्हणणं आहे की आकडा फुटला नाही, यानं काढला. खरं-खोटं करायची सोय आहे. याच प्राध्यापकांनी मागे एका लिलावाचा आकडा काढला होता, तो लिलाव ऐनवेळी रद्द झाला. त्याचा लिफाफा अजून बंद, सरकारी तिजोरीत. तो आणवला आहे. याला त्या वेळची जाहीर माहिती द्या आणि काढू द्या.”

लांबूनं वाकून खडू घेतला. वस्ती, उत्पन्न, जुने भाव. शेवटी एक लांब रेघ. मग वजाबाकी. खडूचा आवाज तेवढा येत होता. न्यायाधीशबाईंनी लिफाफा फोडला, कागद पाहिला, फळा पाहिला, आणि कागद कात्रीमॅडमकडे दिला. मॅडमनी तो वाचला आणि तोंडावर हात ठेवला.

“तोच आहे,” त्या म्हणाल्या.

“रिंगांचं काय?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. दर वेळी एकच रिंग, म्हणून तिच्यात आकडा मावत नाही. फक्त पोहोचल्यावर, म्हणून बैठकीशी संबंध नाही. आणि लांबूची उलटी रिंग जायची घरी पडलेल्या मोबाइलवर, जिथं प्राध्यापक नव्हतेच. संगनमत असणारे दोघं एकमेकांचा पत्ता असा चुकत नाहीत. “हे दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते बाई. एकाला वाटत होतं, आपले सर आपली आठवण काढतात. आणि सर...”

मी दाजींकडे पाहिलं. इथून पुढचं माझं नव्हतं.

दाजी उभे राहिले.

“तो नंबर माझ्या मुलीचा होता. ती हयात नाही.”

न्यायाधीशबाईंचा स्वर मऊ झाला. “प्राध्यापक, कुटुंबीयांनी मागणी केली तर असा नंबर राखून ठेवता येत नाही का? नियमात तरतूद नसली तरी माणुसकी म्हणून?”

त्या सहानुभूतीनंच बोलल्या. दाजींना ‘माहीत नाही’ म्हणता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, म्हणा. त्यांनी वळून शेवटच्या ओळीकडे पाहिलं.

“कंपनीनं स्वतःहून विचारलं होतं. मी नको म्हणालो.”

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. निकाल निर्दोष असा लागला. टाळ्याही वाजल्या. दाजींनी त्या ऐकल्या नसाव्यात, कारण ते बंद होणाऱ्या दाराकडे बघत होते.

८

आम्ही घरी आलो तेव्हा ताई टेबलाजवळ बसली होती. समोर दाजींचा मोबाइल. मी जायला निघालो, तर म्हणाली, “तू बस. तुझ्यासमोर बोलते, नाहीतर जास्त बोलेन.”

दाजी उभेच होते.

“ती रिंग तिची नाही हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? मी काय खुळी आहे? मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.” तिचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त कठीण होतं. “पण दुसरं मला ठाऊक नव्हतं. जगातल्या सगळ्या रिकाम्या रस्त्यांना तुम्ही सूट दिलीत. माझ्या पोरीच्या नंबराला नाही.”

आयुष्यभर नियमांची बाजू मांडणारे दाजी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

चार दिवसांनी लांबू आला. दारात वाकून. हातात सिमकार्ड, छोट्या डबीत.

“काकू, हे तुमचं. मी नोकरी सोडली. पण...” त्यानं डबी पुढे केली. “कंपनीनं नंबर बंद केलाय. वाद झाला म्हणून. मी खूप विनवलं.”

ताईनं डबी घेतली. “मग आता?”

उत्तर दाजींनी दिलं. वर्गातल्यासारखं, सपाट. “आता तो काही महिने पडून राहील. मग कुणाला तरी मिळेल.”

“कुणाला?”

“कुणालाही.”

ताईनं डबी फोटोशेजारी ठेवली. मग लांबूकडे वळून म्हणाली, “तू रिंगबिंग देऊ नको आता. घर माहीत झालंय ना? येत जा. दार वाजवत जा.” आणि तो मान खाली घालून उभा राहिला तेव्हा, “वाक जरा, चौकट लागेल,” असं म्हणत तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा तो एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला.

दाजींशी मात्र ती कामापुरतंच बोलत होती. जेवायला या. औषध घेतलं का. विभागानं त्यांना सन्मानानं परत बोलावलं, त्यांनी नकार दिला. खुर्ची कात्रीमॅडमना द्या म्हणाले. एक दिवस फक्त पुस्तकं आणायला गेले. मी ताईपाशी होतो. ती शेंगा सोलत होती. दाजींचा मोबाइल त्यांच्याबरोबर गेला होता, टेबलावरची जागा रिकामी होती, तरी तिची नजर तिकडे जात होती.

आतल्या खोलीत फोन वाजला. एकदा. आणि थांबला.

ताईचा स्वतःचा फोन. त्याला कधी कुणी अशी रिंग दिली नव्हती. पोहोचल्याची रिंग बापलेकींची होती. ताईचा तीत कधीच वाटा नव्हता.

ती आत गेली. फोन घेऊन बाहेर आली, पडद्यावरचं नाव वाचत. बराच वेळ वाचत. मला वाटलं, ठेवून देईल.

“हे कसं देतात रे?” तिनं विचारलं.

“लावायचा. पलीकडे एकदा वाजला की ठेवायचा.”

तिनं चष्मा लावला. एकेक बटण बघून दाबलं, फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले. एक रिंग होऊ दिली. ठेवला.

मग शेंगांचं ताट पुढे ओढलं, आणि सोललेले सगळे दाणे भिजेपर्यंत रडली.